कुटुंबासाठी तरणतलाव निवडताना आधी बाजूचा छेद पाहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे सुमारे १८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशी सपाट मोकळी जागा आहे. घरात सहा माणसे आहेत: पती-पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि आजी-आजोबा. आजींना गुडघेदुखीचा त्रास आहे. कंत्राटदाराने तीन आराखडे दिले आहेत. पहिल्यात मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव असून त्याच्या एका बाजूला दगडी धबधबा आहे. दुसऱ्यात १० बाय ४ मीटरचा सरळ आयत आहे, त्याची खोली १.२ मीटरपासून २.५ मीटरपर्यंत वाढत जाते आणि खोल टोकाला सूर मारण्याची फळी आहे. तिसऱ्यात एका काठावरून पाणी सतत ओसंडत राहणारा ‘इन्फिनिटी’ पद्धतीचा तलाव आहे. यांपैकी सर्वांना सोयीचा कोणता, असे आपण विचारले आहे.

थेट उत्तर द्यायचे तर दुसऱ्या आराखड्यातला आयत ठेवावा, त्यातली जास्तीची खोली आणि फळी काढून टाकावी आणि उथळ टोकाला पाण्याखालचा एक ओटा करून घ्यावा. पहिला आणि तिसरा आराखडा या कुटुंबासाठी आणि या जागेसाठी योग्य नाही. कंत्राटदाराशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून या मतामागची कारणे सविस्तर देतो.

तलावाची चित्रे बहुतेक वेळा वरून पाहिल्यासारखी काढलेली असतात. मध्ये निळा आकार, भोवती फरशी, कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि एक छत्री. तो निळा आकार डोळ्यांत भरतो आणि घरातली सगळी चर्चा त्याच्याच भोवती फिरू लागते. पाण्यात उतरलेल्या माणसाला मात्र वरचा आकार फारसा जाणवत नाही. पाणी कमरेपर्यंत येते की हनुवटीपर्यंत, पायाखालचा तळ कुठे उतरू लागतो, दमल्यावर कुठे टेकता येते आणि बाहेर पडताना हाताला काय लागते, हे त्याला जाणवते. या सगळ्या गोष्टी बाजूच्या छेदात असतात, म्हणजे तलाव लांबीच्या दिशेने उभा कापला तर जसा दिसेल त्या चित्रात. म्हणून कुटुंबाने आधी छेद ठरवावा आणि मग त्याला साजेसा बाह्य आकार निवडावा, असा माझा आग्रह असतो. प्रत्यक्षात बहुधा आकार आधी ठरतो आणि खोली त्यात कशीबशी बसवली जाते.

छेद ठरवण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही, मोजपट्टी पुरते. घरातल्या एखाद्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून ३० सेंटिमीटर, १.१ मीटर, १.२ मीटर आणि १.५ मीटर अशा खडूच्या खुणा कराव्यात आणि घरातल्या प्रत्येकाला तिथे उभे करावे. २.५ मीटरची खूण चौकटीवर मावणारच नाही, ती वरच्या भिंतीवर करावी लागेल. खाली उभे राहून तिच्याकडे पाहिले की कागदावरचा २.५ हा आकडा किती मोठा आहे ते घरातल्या सर्वांच्या लक्षात येते.

आपल्या घरापुरते पाहिले तर चार वर्षांच्या मुलीची उंची साधारण एक मीटर असते. म्हणजे १.१ मीटर पाणी तिच्या डोक्यावरून जाते आणि ज्याला आपण उथळ बाजू म्हणतो ती तिच्यासाठी उथळ नाही. ती आठ-नऊ वर्षांची होईल तेव्हा तिची उंची १.३ मीटरच्या आसपास असेल आणि त्याच पाण्यात तिचे तोंड जेमतेम बाहेर राहील. आजींची उंची १.५५ मीटर धरली तर १.१ मीटर पाणी त्यांच्या छातीच्या खालच्या टोकापर्यंत येते. सांधेदुखी असणाऱ्यांना ही पातळी मानवते, कारण पाणी कमरेपर्यंत असताना पायांवर शरीराचा निम्म्याच्या आसपास भार राहतो आणि ते छातीपर्यंत आले की तो साधारण एकतृतीयांशावर येतो. त्यामुळे जमिनीवर दहा पावले टाकताना कुरकुरणारे गुडघे पाण्यात बराच वेळ चालू शकतात. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाला १.५ मीटर पाणी हनुवटीखाली येते. त्याला त्यात मोकळेपणाने पोहता येते आणि दम लागला तर उभेही राहता येते. आपल्या घरातली माणसे १.१ ते १.५ मीटर एवढ्या पट्ट्यात सुखाने वावरू शकतात. या पट्ट्याबाहेर राहते ती एकटी मुलगी, आणि तिच्यासाठी ओटा हवा.

आता २.५ मीटर खोलीचा विचार करू. ती कशासाठी, असे विचारल्यावर सूर मारण्यासाठी असे उत्तर मिळेल. अमेरिकन रेड क्रॉसची शिफारस अशी आहे की डोके खाली करून सूर मारायचा असेल, मग तो नुसत्या काठावरून का असेना, तर पाणी किमान ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर खोल असावे. फळीवरून मारायच्या सुराला पाण्याची लांबीही पुरेशी लागते, कारण सूर मारणारा सरळ खाली न जाता पुढे सरकत खाली जातो, आणि १० मीटरच्या तलावात खोल भाग संपून वर चढणारा तळ त्याच्या हातांसमोर फार लवकर येतो. मानेच्या मणक्याच्या गंभीर दुखापती अशाच ठिकाणी होतात. म्हणजे हा तलाव घरातल्या कोणालाही उभे राहता येणार नाही इतका खोल आहे, तरी ज्या कामासाठी तो खोल केला त्या कामाला पुरेसा खोल नाही. अशी अर्धवट खोल टोके मी अनेक आराखड्यांत पाहतो आणि प्रत्येक वेळी ती काढून टाकण्याचाच सल्ला देतो.

खोलीचा भुर्दंड पाण्याच्या हिशेबातही दिसतो. १० बाय ४ मीटरचा तळ आणि १.२ ते २.५, म्हणजे सरासरी १.८५ मीटर खोली धरली तर ७४ घनमीटर, अर्थात ७४,००० लिटर पाणी होते. त्याऐवजी पहिल्या २ मीटरवर ३० सेंटिमीटर पाण्याचा ओटा, पुढच्या ४ मीटरवर १.१ ते १.२ मीटर आणि शेवटच्या ४ मीटरवर १.२ ते १.५ मीटर असा छेद केला तर हिशेब २.४ अधिक १८.४ अधिक २१.६ असा, म्हणजे सुमारे ४२,४०० लिटरवर येतो. बाह्य आकार तोच, पाण्याचा पृष्ठभागही तेवढाच, पण पाणी ३१,००० लिटरहून अधिक कमी लागते. तेवढी खोदाई वाचते, पंप लहान चालतो, रसायने कमी लागतात आणि पाणी लवकर ऊब धरते.

तेरा वर्षांच्या मुलाची यावर हरकत असणार हे उघड आहे. त्याला फळी हवी असेल. त्या वयाची मुले तलावात प्रत्यक्षात काय करतात ते पाहिले तर बहुतांश वेळ चेंडू, जाळे, एकमेकांना ढकलणे आणि काठावरून पाय खाली ठेवून उड्या मारणे यातच जातो, आणि या सगळ्याला पाय टेकणारे पाणीच लागते. जाळे लावण्यासाठी दोन्ही लांब काठांवर समोरासमोर खोबणी ठेवल्या तर तलाव खेळाचे मैदान होतो. त्या खोबणी काँक्रीट ओतण्याआधी बसवल्या तर काम सोपे आणि पक्के होते, नंतर फरशी फोडून बसवल्या तर तिथून गळती सुरू होण्याची शक्यता असते. पाणी कमाल दीड मीटर असल्यामुळे डोके खाली करून सूर मारण्यास मनाई हा नियम घरात पहिल्या दिवसापासून हवा, आणि काठाच्या फरशीवर खोलीचे आकडे ठळकपणे कोरून घ्यावेत.

मोठ्यांना व्यायामासाठी पोहायचे असेल तर ओटा वगळता ८ मीटर सलग लांबी उरते. एवढ्या अंतरात पाच-सहा हात मारले की वळावे लागते, हे खरे. यावर उपाय म्हणजे खोल टोकाच्या भिंतीत कमरेच्या पट्ट्याला बांधलेली लवचीक दोरी अडकवण्यासाठी एक गंजरोधक कडी बसवणे. जागच्या जागी हवा तेवढा वेळ पोहता येते. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे यंत्र हा अधिक सुखाचा पर्याय आहे, परंतु तो मागाहूनही घेता येतो. आत्ता फक्त त्याच्या नळाची आणि वीजतारेची वाट ठेवावी.

ओट्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तलावाचा सगळ्यांत जास्त वापर होणारा भाग तोच असतो आणि चुकाही तिथेच जास्त होतात. पहिली गोष्ट उतरण्याची. पाण्याची पातळी काठाच्या फरशीपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर खाली असते. ओट्यावर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर फरशीपासून ओट्यापर्यंत ४२ सेंटिमीटरचा उतार होतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला तो एका पावलात जमणार नाही. मध्ये दोन पायऱ्या दिल्या तर प्रत्येक टप्पा १४ सेंटिमीटरचा होतो. ओट्यावरून पुढे १.१ मीटरच्या तळापर्यंत आणखी ८० सेंटिमीटर उतरायचे असते. तिथे चार पायऱ्या दिल्या की १६ सेंटिमीटरचे पाच टप्पे होतात. प्रत्येक पायरीची रुंदी ३० सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण पाऊल मावेल एवढी असावी. अनेक तयार आराखड्यांत या ८० सेंटिमीटरसाठी दोनच उंच पायऱ्या दाखवलेल्या असतात. उतरताना त्या चालून जातात, कारण पाणी शरीर तोलून धरते. बाहेर येताना मात्र प्रत्येक पायरीला शरीर पाण्याबाहेर पडत जाते, भार परत गुडघ्यांवर येतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर माणूस अडखळतो. म्हणून हाताला धरायचा दांडा पाण्यात संपता कामा नये. तो काठाच्या फरशीपासून किमान अर्धा मीटर मागे सुरू व्हावा आणि तळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत सलग जावा.

पाण्यातली पायरी नजरेला फसवते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना खोली साधारण तीनचतुर्थांश भासते, त्यामुळे १.२ मीटर पाणी ९० सेंटिमीटरचे वाटते. आजी-आजोबा उतरताना पाऊल पुढे करून पायरीची कड चाचपडतात त्याचे कारण हेच. पायऱ्या आणि तळ एकाच फिक्या रंगाचे असतील तर कड दिसतच नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला आणि ओट्याच्या संपूर्ण पुढच्या कडेला गडद रंगाच्या खरखरीत टाइल्सची पट्टी लावावी. ओट्याची ती कड तर मुलीच्या दृष्टीने तलावातली सर्वांत धोक्याची रेषा आहे, कारण तिच्या एका बाजूला पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत असते आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावरून जाते. पायऱ्या एका कोपऱ्यात दीड मीटर रुंदीत ठेवाव्यात आणि उरलेल्या अडीच मीटर कडेला पाण्याच्या पातळीपर्यंत येणारी बुटकी भिंत बांधावी. तिच्या आत ओट्यावर मुलगी खेळते, तर बाहेरच्या अंगाला पातळीखाली ४५ सेंटिमीटरवर बाक काढला की मोठी माणसे तिथे तिच्या हाताशी बसू शकतात. बाक हवाच, कारण ओटा म्हणजे सुरक्षितता असा समज करून घेणे घातक आहे. लहान मूल ३० सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना सहसा आवाज होत नाही.

ओट्याची आणखी एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. तिथले पाणी उथळ असल्याने उन्हात लवकर तापते, त्यातले क्लोरीन झपाट्याने उडते आणि मुख्य तलावातले पाणी तिकडे आपोआप फिरत नाही. परिणामी सगळ्यांत लहान मूल सगळ्यांत शिळ्या पाण्यात बसते. बुटकी भिंत घातल्यावर तर हे आणखी वाढते. त्यासाठी गाळलेले पाणी परत सोडणारी किमान दोन तोंडे थेट ओट्यावर उघडतील असे नळ टाकून घ्यावेत आणि भिंतीला तळाशी पाणी खेळण्यापुरत्या फटी ठेवाव्यात. त्या फटींत लहान हात किंवा पाय अडकणार नाही, एवढ्याच त्या असाव्यात.

उथळ बाजूचा तळ किती उतरता असावा, याकडेही लक्ष द्यावे. पोहायला नुकतेच शिकणारे मूल पाण्यात चवड्यांवर उड्या मारत पुढे सरकते. तळ दर मीटरला १३ सेंटिमीटर उतरत असेल, आणि दुसऱ्या आराखड्यात सलग उतार धरला तरी तो एवढाच येतो, तर अशा दोन-तीन उड्यांत पाणी हनुवटीवरून नाकावर येते आणि उताराकडे घसरलेले मूल मागे वळू शकत नाही. वर सुचवलेल्या छेदात ओट्यानंतरच्या पहिल्या ४ मीटरमध्ये एकूण उतार १० सेंटिमीटरच आहे आणि पुढच्या ४ मीटरमध्ये ३० सेंटिमीटर. जिथे उतार बदलतो तिथे तळावर आणि दोन्ही भिंतींवर गडद रेघ असावी.

छेद असा ठरला की बाह्य आकाराचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. मूत्रपिंडाच्या आकाराला स्वतःचा इतिहास आहे. फिनलंडमध्ये वास्तुकार अल्वार आल्टो यांनी १९३९ मध्ये पूर्ण केलेल्या व्हिला माइरेआ या घरात तसा वळणदार तलाव आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या सोनोमा येथे उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांनी १९४८ मध्ये केलेल्या डॉनेल उद्यानातल्या तलावामुळे तो आकार जगभर पोहोचला. चर्च यांच्या तलावाची वळणे समोर दूरवर दिसणाऱ्या खाजणातल्या नागमोडी ओहोळांशी जुळणारी होती, त्या जागेतूनच ती आली होती. चारी बाजूंनी सरळ भिंती असलेल्या १८ बाय १२ मीटरच्या जागेत तोच आकार ठेवला तर त्याच्या भोवती कशाच्याही उपयोगाचे नसलेले कोपरे उरतात. सरळ पोहण्याची रेघ मिळत नाही, जाळे नीट लागत नाही आणि मुख्य म्हणजे रुळांवरून सरकणारे झाकण बसवता येत नाही. धबधब्याचेही तसेच. त्याचा आवाज छान वाटतो, पण पाणी हवेत उसळले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा पीएचचा आकडा) चढत राहतो, म्हणजे आम्ल घालण्याचे काम वाढते. शिवाय बाष्पीभवन वाढते आणि दगडांवर चढणारी मुले हा वेगळाच घोर लागतो. पाण्याचा आवाज हवाच असेल तर काठावरून पडणारी एक बारीक, बंद करता येणारी धार पुरे.

झाकणाचा मुद्दा मी महत्त्वाचा मानतो. उघड्या तलावातली उष्णता सर्वाधिक बाष्पीभवनातून जाते, आणि अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार वापर नसताना झाकण घातल्यास भर म्हणून घालाव्या लागणाऱ्या पाण्यात ३० ते ५० टक्के आणि रसायनांत ३५ ते ६० टक्के बचत होते. परंतु पाण्यावर नुसते तरंगणारे बुडबुड्यांचे प्लास्टिक आणि माणसाचा भार पेलणारे, कडेला घट्ट बसणारे सुरक्षा-झाकण यांत फरक केला पाहिजे. पहिल्यावर मूल पडले तर प्लास्टिक त्याच्याभोवती गुंडाळले जाते आणि वरून कोणाला दिसतही नाही. चार वर्षांची मुलगी घरात असताना दुसऱ्या प्रकारचेच झाकण घ्यावे. त्याचा रूळ आणि गुंडाळी बसण्यासाठी खोल टोकाला काठाखाली जागा लागते, ती आराखड्यात आत्ताच दाखवलेली हवी.

इन्फिनिटी तलावाबद्दल फार लिहीत नाही. पाण्याचा काठ आणि दूरचे क्षितिज एक झाल्याचा भास ही त्याची सारी गंमत आहे. आपल्या सपाट जागेत काठापलीकडे कुंपणाची भिंतच दिसणार. त्यासाठी ओसंडलेले पाणी साठवणारी वेगळी टाकी, तिचा वेगळा पंप आणि काठाची मिलिमीटरपर्यंत अचूक पातळी लागते, आणि काठाच्या पलीकडची खाली पडण्याची जागा मुलांसाठी धोक्याची असते.

कुंपण हे तलावाच्या आराखड्याचाच भाग आहे, नंतर करायचे काम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षे या वयोगटात सर्वाधिक आहे, आणि आपली मुलगी त्याच वयाची आहे. कुंपण चारही बाजूंनी हवे. घराची मागची भिंत ही चौथी बाजू धरली तर स्वयंपाकघराचे दार हेच तलावाचे फाटक होते आणि ते दिवसभर उघडे असते. उंची किमान १.२ मीटर, उभ्या गजांतले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी, पाय ठेवून चढता येतील अशा आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला नकोत, आणि फाटक तलावापासून दूर, बाहेरच्या दिशेने उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि कडी आपोआप लागणारे हवे. कडी जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर असावी. कुंपणाजवळ कुंड्या किंवा खुर्च्या ठेवू नयेत, कारण मूल त्या ओढून चढते. स्थानिक नियम यापेक्षा कडक असतील तर ते पाळावेत.

तळातल्या निचऱ्याच्या तोंडाविषयी कंत्राटदाराला स्पष्ट विचारावे. पंप ओढत असताना एकच तोंड असेल आणि ते शरीराने झाकले गेले तर इतकी ओढ निर्माण होते की मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशाच प्रकारे दगावली आणि त्यानंतर २००७ मध्ये तिथे तिच्याच नावाचा कायदा झाला. उपाय सोपा आहे. एकाच नळाला जोडलेली दोन तोंडे एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर ठेवावीत आणि दोन्हींवर केस किंवा अंग अडकणार नाही अशी घुमटाकार, प्रमाणित झाकणे लावावीत. झाकण तुटले असेल तर ते बदलेपर्यंत पाण्यात कोणी उतरू नये.

जागेवर तलाव कुठे बसवायचा हे ठरवण्यासाठी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाचा आयत आखावा आणि काही दिवस तसाच ठेवावा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठून कुठे सरकते, वारा पाने कोणत्या बाजूला नेऊन टाकतो आणि घरातल्या ज्या खिडकीशी दिवसाचा सर्वाधिक वेळ कोणी ना कोणी असते तिथून संपूर्ण आयत दिसतो का, हे पाहावे. ओटा त्या खिडकीच्या सर्वांत जवळ यायला हवा. वारा ज्या बाजूला वाहतो तिथल्या काठात स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेणारे तोंड, बसवला तर पृष्ठभागावरचा कचरा आपोआप त्याच्यात जातो. उलट बाजूला बसवला तर रोज जाळी घेऊन उभे राहावे लागते. झाडाखाली तलाव नको. मुळे आणि पाने या दोन्हींचा त्रास वर्षानुवर्षे पुरतो.

घराच्या पायाच्या तळकडेपासून खाली ४५ अंशांत कललेली एक रेषा मनात धरावी. खोदाई त्या रेषेच्या आत शिरत असेल तर संरचना अभियंत्याशिवाय पुढे जाऊ नये. माती तपासून घ्यावी, विशेषतः ओली झाल्यावर फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी माती असेल तर. भूजल वर असेल तर रिकामा तलाव खालून येणाऱ्या दाबाने अख्खा वर उचलला जाऊ शकतो. अशा जागी तळात दाब मोकळा करणारी झडप हवी आणि भूजलाची पातळी पाहिल्याशिवाय तलाव कधीही रिकामा करू नये.

बांधकामाच्या प्रकारांत मी फार गुंतणार नाही. फायबरग्लासचे तयार कवच लवकर बसते आणि आतून गुळगुळीत असते, पण रस्त्याने आणावे लागत असल्याने त्याची रुंदी सहसा ५ मीटरच्या आतच असते आणि छेद कारखान्याने ठरवलेला असतो. आपल्याला हवा तसा ओटा आणि पायऱ्या असलेले कवच मिळाले तर ते अवश्य पाहावे. विनाइलचे अस्तर सुरुवातीला स्वस्त पडते, मात्र ते काही वर्षांनी बदलावेच लागते. सळयांचे काँक्रीट या दोन्हींपेक्षा महाग आणि वेळखाऊ आहे, पण वर सांगितलेला छेद हुबेहूब त्यातच उतरवता येतो. त्याला पूर्ण मजबुती येण्यासाठी २८ दिवसांचा काळ धरतात, तो घाईत कमी करू देऊ नये. आतला रंग फिका निवडावा. गडद निळा तळ सुंदर दिसतो, पण त्यावर पडलेले मूल चटकन दिसत नाही.

पंप वेग बदलता येणारा घ्यावा. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, पण वीज सुमारे एकअष्टमांशच लागते, त्यामुळे कमी वेगाने जास्त तास चालवणे फायद्याचे ठरते. ४२,४०० लिटर पाणी ८ तासांत एकदा गाळायचे तर ताशी ५,३०० लिटरचा प्रवाह पुरेसा आहे. क्षार-प्रणाली घेतली म्हणजे क्लोरीन टळले असे समजू नये, कारण ती मिठापासून क्लोरीनच तयार करते. सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), क्लोरीन उन्हात टिकवणारा स्थिरक वापरत असल्यास किमान २, हे आकडे रोज तपासावे लागतील. दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि घराकडच्या भिंतीत बसवावेत, म्हणजे त्यांचा झोत बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही. तलावाच्या सर्व विद्युतजोडण्या ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या सुरक्षा-स्विचमधून जाव्यात.

आता कंत्राटदाराकडे परत जाताना त्याच्याकडून लांबीचा आणि रुंदीचा असे दोन्ही छेद मापांसह मागावेत, आणि पायऱ्यांचे टप्पे, दांड्याची लांबी, निचऱ्याची तोंडे, झाकणाची गुंडाळी व कुंपण हे सर्व त्याच कागदावर दाखवायला सांगावे. खर्च हाताबाहेर जात असेल तर लांबी मीटर-दीड मीटरने कमी करावी, डेकची फरशी साधी घ्यावी, दिवे कमी करावेत. कुंपण, सुरक्षा-झाकण, दांडा आणि दुसरे निचरातोंड यांना हात लावू नये. फरशी घालण्याआधी तिच्याखालून यंत्रखोलीपर्यंत दोन रिकामे पाइप, तोंडे बंद करून, टाकून ठेवावेत. पुढे पाणी तापवण्याचे यंत्र किंवा प्रवाहयंत्र घ्यायचे ठरले तर त्यांचे नळ आणि तारा फरशी न फोडता त्यातून नेता येतील.